बाहुलीघर, भातुकली, घरकुल : लघुरूप घराच्या रूपकाचा तौलनिक विचार

१. एका शब्दाचे दोन अर्थ

जयपूरच्या तिलक नगर परिसरात, जवाहरलाल नेहरू मार्गावर, सेठ आनंदीलाल पोद्दार मूक-बधिर विद्यालयाच्या आवारात बाहुल्यांचे एक लहानसे संग्रहालय आहे. भगवानीबाई सेक्सरिया यांचे नाव त्याला दिलेले असले, तरी शहरात ते ‘गुडियाघर’ या सुटसुटीत नावाने ओळखले जाते. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील आणि परदेशांतील वेशभूषा ल्यालेल्या बाहुल्या येथे मांडलेल्या आहेत. या शहरातील राजवाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या वैभवापुढे हा संग्रह आकाराने नगण्य वाटेल. परंतु तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे नावच विचारात पाडते.

‘गुडियाघर’ हा समास दोन प्रकारे सोडवता येतो. बाहुल्या जेथे जपून ठेवल्या आहेत ते घर, हा एक अर्थ. बाहुलीने राहावे म्हणून केलेले इवलेसे घर, हा दुसरा. पहिल्या अर्थाने ते संग्रहालय आहे, दुसऱ्या अर्थाने खेळणे. पहिल्यात बाहुली उभी असते आणि पाहिली जाते. दुसऱ्यात ती राहते, स्वयंपाक करते, पाहुण्यांची वाट पाहते, अशी कल्पना असते.

वेशभूषेच्या बाहुल्यांचे संग्रहालय प्रातिनिधिकतेच्या तत्त्वावर उभे असते. एक बाहुली म्हणजे एक प्रांत किंवा एक राष्ट्र. व्यंगचित्रकार शंकर यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयातही मांडणीचे हेच सूत्र दिसते. या मांडणीत राष्ट्रे शेजारी शेजारी उभी राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. राष्ट्रीय साहित्ये स्वतंत्र कपाटांत ठेवून त्यांतील साम्यभेदांची यादी करणाऱ्या जुन्या तौलनिक पद्धतीचे हे जणू दृश्य रूप आहे. बाहुलीचे घर मात्र वेगळे प्रश्न उभे करते. आत कोण राहते, बाहेरून कोण पाहते, किल्ली कोणाच्या हाती असते, हे ते प्रश्न होत. प्रस्तुत लेखात हा दुसरा अर्थ प्रमाण मानून युरोपीय बाहुलीघर आणि मराठी भातुकली यांची रचना तपासली आहे. या दोन वस्तूंमधील भेदामुळे इब्सेनच्या एका जगप्रसिद्ध रूपकाचे मराठीत काय झाले, याचा उलगडा करणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२. दर्शनी भिंत उघडणारे घर

युरोपातील बाहुलीघराचा इतिहास मुलांच्या खेळापासून सुरू होत नाही. बव्हेरियाच्या पाचव्या आल्ब्रेख्त या ड्यूकसाठी १५५८ मध्ये तयार झालेले लघुगृह हे राजसंग्रहातील वैभवाचे प्रदर्शन होते. न्यूरेंबर्ग येथील १६३९ चे ‘श्ट्रोमर गृह’ आजही त्या शहरातील जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कोठारापासून शयनगृहापर्यंतची त्यातील मांडणी पाहिली म्हणजे श्रीमंत नागरी कुटुंबाची घरव्यवस्था कशी असावी, याचा आदर्शच समोर येतो. ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन या धनिक स्त्रीने सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे अनेक वर्षे आपले बाहुलीघर सजवले. कासवाच्या कवचाचे जडावकाम असलेल्या कपाटातील या घरासाठी चीनहून चिनी मातीची खास लहान भांडी मागवलेली होती. हे कपाट आता तेथील राइक्सम्युझियममध्ये आहे. खऱ्या घराइतका पैसा खर्चून उभारलेले हे घर लहान मुलांच्या हाती देण्यासाठी नव्हतेच.

या परंपरेचे टोक ‘क्वीन मेरीज डॉल्स हाऊस’मध्ये दिसते. १९२१ ते १९२४ या काळात एडविन लट्यन्स यांनी एकास बारा या प्रमाणात ते रचले. हेच लट्यन्स त्या वर्षांत नव्या दिल्लीत व्हाइसरॉयच्या प्रासादाचे काम करीत होते. साम्राज्याची राजधानी आणि राणीचे खेळघर एकाच आरेखकाच्या हातून घडत होते, हा योगायोग सूचक आहे. साहित्याच्या अभ्यासकाला यातील ग्रंथालय विशेष महत्त्वाचे वाटेल. तत्कालीन लेखकांनी या घरासाठी इवल्या पुस्तकांतून स्वतःच्या हस्ताक्षरात मजकूर लिहून दिला. आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांची एक छोटी कथा लिहिली. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनीही खास या घरासाठी कथा रचली. १९२४ च्या वेम्ब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनात लोकांनी हे घर पाहिले. पुढे ते विंडसरच्या राजवाड्यात ठेवण्यात आले.

या सर्व घरांमध्ये एक रचनात्मक साम्य आहे. त्यांना भिंती आहेत, आणि एक बाजू उघडी आहे किंवा उघडता येते. पाहणारा बाहेर उभा राहतो आणि एका दृष्टिक्षेपात सगळ्या खोल्या पाहतो. प्रत्यक्ष घरात राहणाऱ्याला असे दर्शन कधीच घडत नाही. लघुप्रतिकृतीत अंशांच्या आधी पूर्णाचे ज्ञान होते, असे निरीक्षण क्लोद लेव्ही-स्ट्राउस यांनी १९६२ मध्ये मांडले. बाहुलीघराला ते तंतोतंत लागू पडते. सुझन स्ट्यूअर्ट यांनी ‘ऑन लाँगिंग’ (१९८४) या ग्रंथात बाहुलीघराचा विचार संपत्ती आणि स्मरणरंजन या दोन अंगांनी केला आहे. त्याला आणखी एक अंग जोडता येईल. बाहेरून सर्व काही पाहणाऱ्याची सत्ता हा या वस्तूचा गाभा आहे. कॅथरीन मॅन्सफील्डच्या ‘द डॉल्स हाऊस’ (१९२२) या कथेत ही सत्ता वर्गभेदाच्या रूपाने प्रकट होते. बर्नेल मुलींच्या अंगणात आलेले घर शाळेतल्या साऱ्या मुली पाहून जातात. धुणे धुणाऱ्या बाईच्या, केल्व्ही घराण्यातील, दोघी मुलींना मात्र मज्जाव असतो. त्या घरातला चिमुकला दिवा पाहायला मिळणे न मिळणे, एवढ्यावर सामाजिक प्रतिष्ठेचा सारा व्यवहार उभा राहतो.

खेळण्यातून विषमता उघड करण्याची ही युक्ती भारतीय वाङ्मयाला अपरिचित नाही. शूद्रकाने आपल्या प्रकरणाला ‘मृच्छकटिक’ हे नाव दिले, तेच मुळी मातीच्या खेळण्यातल्या गाडीवरून. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिलेल्या रोहसेनाला मातीची गाडी नकोशी होते. वसंतसेना तिच्यात आपले दागिने भरते आणि त्यातून पुढचा अनर्थ ओढवतो. गो. ब. देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले. याच देवलांचे ‘शारदा’ पुढे एका वेगळ्या संदर्भात विचारात घ्यावे लागेल.

३. भिंती नसलेले घर

मराठी मुलीच्या बालपणात घराची लघुप्रतिकृती भातुकलीच्या रूपाने येते. भातुकलीत घर नसते, फक्त संसार असतो. चूल, तवा, कढई, पळी, झारा, उलथणे, पोळपाट-लाटणे, विळी, पाटा-वरवंटा, खलबत्ता, जाते, सूप, हंडा-कळशी, तांब्या-भांडे, पाट, समई, ताम्हन अशी ही यादी लांबवता येईल. पण तिच्यात भिंत, दार किंवा छप्पर सापडणार नाही. ओसरीचा कोपरा, जिन्याखालची जागा, माळा किंवा अंगणातली सावली, जेथे भांडी मांडली तेथे घर. खेळ संपला की भांडी पिशवीत जातात आणि घर नाहीसे होते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे भातुकलीत बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला जागा नाही. मुलगी भांड्यांच्या मध्यभागी बसते. बाहुली असलीच तर ती तिचे मूल असते किंवा पाहुणी. घरधनीण मुलगी स्वतः असते. युरोपीय बाहुलीघरात मालकीण बाहेर आणि बाहुली आत अशी वाटणी असते. भातुकलीत खेळणारीचे शरीरच घरात असते, आणि तिच्या बसण्यानेच घराच्या सीमा ठरतात.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. युरोपीय कारागिराने एकास बारा हे प्रमाण काटेकोरपणे पाळले. भातुकलीत असे एक प्रमाण नसते. पितळेची कळशी आणि दगडी जाते जवळपास सारख्याच उंचीचे असू शकते, आणि चुरमुरे, डाळे, गूळ, शेंगदाणे हा शिधा तर खऱ्याच मापाचा असतो. दिवाळीत मुले अंगणात जो मातीचा किल्ला करतात, त्यातही मावळा बुरुजाहून उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. किल्ला बहुधा मुलग्यांकडे आणि भातुकली मुलींकडे, ही वाटणी समाजाने केलेली. पण दोन्ही खेळांचा न्याय एकच आहे. येथे वस्तूचे मोजमाप गौण असते, तिच्याभोवती घडणारी कृती महत्त्वाची असते. बाहुलीघर घराचे चित्र दाखवते. भातुकली घरकामाचा सराव देते.

भातुकलीला भौतिक संस्कृतीचे दप्तर म्हणूनही मोल आहे. पाणी तापवण्याचा बंब, घंगाळ, उखळ-मुसळ, शेगडी या वस्तू शहरी घरांतून गेल्या, पण भातुकलीत टिकल्या. सावंतवाडीच्या लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्यांत पोळपाट-लाटण्यासारखे संच आजही आढळतात. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी पुण्यात जो संग्रह उभारला, त्यात अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातील भांडी यांना शस्त्रांइतकाच मान मिळाला. मोठ्या घरातील वस्तूंचा तो संग्रह आणि पुण्यात भरणारी भातुकलीची प्रदर्शने शेजारी ठेवून पाहिली, तर एकाच गृहसंस्कृतीचे दोन मापांतले आलेख हाती येतात.

४. खेळ आणि लग्न

खेळातले घर आणि लग्न यांचा संबंध फार जुना आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात, कन्येशी विवाहसंबंध जुळवण्याविषयीच्या तिसऱ्या अधिकरणात, लहान मुलीशी जवळीक साधण्यासाठी तिच्याबरोबर खेळावयाच्या खेळांची नोंद आहे. त्यांत फुले वेचणे आणि माळा गुंफणे यांच्या जोडीने ‘गृहक’ म्हणजे खेळातले घर, ‘दुहितृका’ म्हणजे बाहुली, आणि खाण्यापिण्याचे पदार्थ करण्याचा खेळ येतो. बाहुलीला ‘लहानशी लेक’ म्हणणारा हा संस्कृत शब्द जितका कोवळा आहे, तितकाच त्याचा संदर्भ अस्वस्थ करणारा आहे. भातुकलीचे सारे घटक येथे एकत्र आहेत, पण त्यांची नोंद झाली ती वराच्या सोयीसाठी.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा संबंध केवळ ग्रंथात राहिला नव्हता. आनंदीबाई जोशी यांचे लग्न १८७४ मध्ये नवव्या वर्षी झाले. रमाबाई रानडे यांचे १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी. अशा वयात सासरी जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत खोटी चूल आणि खरी चूल यांमध्ये फार तर काही महिन्यांचे अंतर उरे. सराव आणि व्यवहार यांच्यामध्ये एरवी जे बालपण पसरलेले असते, तेच येथे गाळले जाई. भातुकलीकडे केवळ निरागसतेचे प्रतीक म्हणून पाहणाऱ्या वाचनाला हे वास्तव विसरता येत नाही. देवलांच्या ‘शारदा’ने (१८९९) म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचा प्रश्न रंगभूमीवर मांडला, तेव्हा प्रेक्षकांतल्या अनेकींनी स्वतः हा प्रवास केलेला होता. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारावर गेले. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. हा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हरबिलास सारडा अजमेरचे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. बालविवाहाचा प्रश्न राजस्थान आणि महाराष्ट्र या दोन्ही प्रदेशांना सारखाच भिडलेला होता.

दोन्ही प्रदेशांच्या सणांतही हा धागा दिसतो. चैत्र शुद्ध तृतीयेला जयपुरात गणगौरीची मिरवणूक निघते. मराठी घरांत त्याच तिथीला चैत्रगौर पाळण्यात बसते, तिच्यापुढे खेळण्यांची आणि बाहुल्यांची आरास होते, आणि हा उत्सव अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतो. हीच अक्षय्य तृतीया राजस्थानात ‘आखातीज’ म्हणून बालविवाहांच्या मुहूर्तासाठी कुप्रसिद्ध ठरली. जपानमध्ये ३ मार्चच्या हिना उत्सवात सम्राट-सम्राज्ञीच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडतात. उत्सव संपल्यावर त्या आवरायला उशीर झाला तर मुलीचे लग्न लांबते, असा तेथे समज आहे. मांडलेली बाहुली आणि व्हावयाचे लग्न यांची सांगड अनेक संस्कृतींनी घातली आहे.

मराठी लग्नातील रुखवत हा या साखळीचा शेवटचा दुवा. वधूपक्षाने मांडलेल्या फराळाच्या ताटांबरोबर संसाराची लहान भांडी, सप्तपदीचे बाहुल्यांचे देखावे, विणकाम-भरतकाम असे सारे तेथे येते. जी भातुकली आजवर मुलगी आतून खेळत होती, ती त्या दिवशी टेबलावर मांडली जाते आणि वऱ्हाडी मंडळी ती बाहेरून पाहतात. मराठी परंपरेत लघुरूप संसार प्रेक्षणीय वस्तू होतो तो नेमका या क्षणी. रुखवताबरोबर मुलीच्या कौशल्याचीही पारख होत असते.

५. रूपकाचे स्थलांतर

इब्सेनचे नाटक डिसेंबर १८७९ मध्ये प्रकाशित झाले आणि त्याच महिन्यात कोपनहेगनच्या रंगभूमीवर आले. त्याचे मूळ नाव ‘एत दुक्केयेम’. बाहुलीच्या खेळघरासाठी ‘हुस’ म्हणजे घर हा घटक असलेला शब्द उपलब्ध असताना इब्सेनने ‘येम’ म्हणजे गृहजीवन, आपलेपणाचे घर, या अर्थाचा घटक निवडला. जर्मन भाषांतराने ‘हाइम’ या शब्दातून तो अर्थ राखला. इंग्रजी ‘हाऊस’मध्ये तो विरळ झाला. मात्र सर्व युरोपीय भाषांत एक गोष्ट कायम राहिली. वाचकाच्या डोळ्यासमोर दर्शनी भिंत उघडणारे बाहुलीघर होते, आणि चौथी भिंत काढलेला वास्तववादी रंगमंच त्याच घराचा मोठा नमुना होता. बाहेर बसून आतल्या नोराला पाहणारा प्रेक्षक त्या रूपकातच सामावलेला होता. म्हणूनच शेवटी दार बंद झाल्याचा आवाज इतका परिणामकारक ठरतो; ज्या घराला भिंती आहेत, त्यालाच दार असते.

मराठीत नॉर्वेजियन नाटकाची वाट आधीच मोकळी झालेली होती. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने सादर केलेले श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेले होते. इब्सेनच्या या नाटकाची दोन मराठी रूपे त्यानंतरच्या दशकाच्या आरंभी आली. अनंत काणेकरांनी आपल्या रूपांतराला ‘घरकुल’ हे नाव दिले. मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ची (१९४२) प्रेरणाही इब्सेनचीच, त्यातील भानुमतीची भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी गाजवली.

दोन्ही शीर्षकांतून बाहुली वगळली गेली आहे. ‘बाहुलीचे घर’ हे शब्दशः भाषांतर उपलब्ध असताना ते का टाळले गेले असावे, याचे उत्तर भाषेच्या अनुभवात शोधावे लागते. मराठीत परतंत्र व्यक्तीला बाहुले म्हणताना डोळ्यासमोर येते ती कळसूत्री बाहुली. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने आणि राजस्थानातील भाट समाजाने ज्या बाहुल्या नाचवल्या, त्यांची दोरी दुसऱ्याच्या हाती असते. संतवाङ्मयातही हे रूपक ईश्वर आणि जीव यांच्या नात्यासाठी रुळलेले आहे. त्या बाहुलीला सूत्रधार असतो, पण घर नसते. उलट मुलीच्या खेळात घर असते, पण तेथे ती बाहुली नसून गृहिणी असते. ‘घरात ठेवलेली बाहुली’ ही इब्सेनची संयुक्त प्रतिमा मराठीत अशी दोन ठिकाणी विभागली गेली होती.

काणेकरांच्या ‘घरकुल’ या शब्दात लघुत्व आणि जिव्हाळा दोन्ही आहेत. त्याच वळणाचा शब्द म्हणजे भातुकली. घर लहान आहे आणि म्हणूनच हवेसे आहे, असा भाव त्यातून उमटतो. इब्सेनच्या ‘येम’शी त्याचे नाते इंग्रजी शीर्षकापेक्षा अधिक जवळचे म्हणता येईल. रांगणेकरांनी घरही सोडले आणि नाते घेतले. ‘कुलवधू’ हा शब्द स्त्रीची व्याख्या भिंतींनी करीत नाही, कुळाने करतो. भिंती नसलेल्या घराचे दार आपटता येत नाही. ज्या बंधनातून बाहेर पडावयाचे ते वास्तूचे नसून नात्यांचे आहे, हे मराठी शीर्षकाने अचूक हेरले. अशा शीर्षकाकडे इब्सेनला सौम्य करणारी तडजोड म्हणून पाहण्याचा मोह होतो. परंतु त्यामागची भौतिक वस्तू लक्षात घेतली, तर त्यात प्रश्नाची पुनर्मांडणी दिसते. बंदिस्त जागेतून सुटका हा एक प्रश्न. जी कामे करता करता स्त्रीची ओळखच घडली, त्या कामांपासून स्वतःला वेगळे करणे हा दुसरा, आणि कदाचित अधिक अवघड.

भातुकलीची प्रतिमा मराठी कवितेत पुढेही टिकली. मंगेश पाडगावकरांच्या, यशवंत देवांनी स्वरबद्ध केलेल्या आणि अरुण दाते यांनी गायिलेल्या प्रसिद्ध भावगीतात भातुकलीतल्या राजाराणीची गोष्ट अपूर्ण राहते. येथेही घर मोडत नाही, खेळ मोडतो. ‘घरकुल’ हा शब्द तर आता शासनाच्या गृहनिर्माण योजनांच्या नावांत जाऊन बसला आहे. खेळातला हा शब्द निवाऱ्याच्या हक्काची भाषा बोलू लागला आहे.

६. संग्रहालयातील भातुकली

वस्तू संग्रहालयात गेली की तिचा व्याकरणिक काळ बदलतो. युरोपीय बाहुलीघराला हा बदल फारसा जाणवत नाही, कारण ते पाहण्यासाठीच घडवलेले होते. भातुकलीची गोष्ट वेगळी. काचेमागे मांडलेल्या पितळी भांड्यांत सारे काही असते, फक्त मध्यभागी बसणारी मुलगी नसते. आणि तिच्यावाचून ते घर होत नाही. म्हणून भातुकलीच्या प्रदर्शनाबरोबर खेळाचे नियम, लुटुपुटीच्या संवादांची भाषा, बाहुला-बाहुलीच्या लग्नात मुलींनी मोठ्यांच्या विधींची केलेली नक्कल, यांचीही नोंद झाली पाहिजे. हे सारे मौखिक वाङ्मयच आहे, आणि ते वस्तूंपेक्षा लवकर हरवते.

तिलक नगरच्या गुडियाघरातील बाहुल्या राष्ट्रांचे वेश दाखवतात, आणि ते काम त्या नीट करतात. मात्र एका संस्कृतीतले ‘घर’ दुसऱ्या संस्कृतीच्या भाषेत जाताना काय गमावते आणि काय मिळवते, हे वेशावरून कळत नाही. त्यासाठी त्या संस्कृतीतल्या मुली कोणत्या घरात, कोणत्या जागी बसून खेळल्या, हे पाहावे लागते. भाषांतराच्या अभ्यासाला शब्दकोशाइतकाच खेळण्यांचाही आधार लागतो. नोराची कथा मराठीत येण्यापूर्वी मराठी प्रेक्षकाने बाहुलीचे घर फारसे पाहिलेले नव्हते. पण त्यातील बहुतेक स्त्रिया कधी ना कधी लुटुपुटीच्या चुलीपुढे बसल्या होत्या, आणि अनेकींच्या बाबतीत ती चूल फार लवकर खरी झाली होती.